मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

‘मुंबईहून लंडन किती लांब?’ हा प्रश्न ऐकावयास अगदी सोपा वाटतो. शाळेतील मुलगाही नकाशा व पट्टी घेऊन त्याचे उत्तर काढावयास बसेल. परंतु या एका प्रश्नास निदान चार उत्तरे आहेत आणि ती चारही खरी आहेत. पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेले अंतर हे एक उत्तर. विमान प्रत्यक्ष ज्या वाटेने जाते ती वाट हे दुसरे. तिकिटावर छापलेल्या वेळा हे तिसरे. आणि लंडनमधील खोलीला कुलूप लावल्यापासून गावातील आपल्या उंबरठ्यावर पाऊल ठेवीपर्यंत जो वेळ जातो, ते चौथे. पहिल्या तीन उत्तरांत गफलत झाली तर फारसे बिघडत नाही. चौथ्यात झाली, तर मात्र घरात कायमचा सल राहून जातो.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. गोव्यातील व बेळगावकडील आपल्या पुष्कळ कुटुंबांतील मुलेमुली आज परदेशी आहेत, आणि लंडन हे त्यांपैकी अनेकांचे ठिकाण आहे. घरात म्हातारा बाप किंवा आई देवाघरी गेली की पहिला फोन तिकडे जातो आणि दुसरा निरोप आमच्याकडे येतो : “फादर, दफन केव्हा ठेवावे? थोरला लंडनहून निघतो म्हणतो. नऊ तासांचा तर प्रवास!” या ‘नऊ तासां’नी आजवर किती घरांत रुसवे-फुगवे निर्माण केले असतील याची गणती नाही. म्हणून या प्रवासाचा हिशेब एकदा नीट मांडावा, असे आम्हांस वाटते.

सरळ रेघ कोणती?

प्रथम अंतर. मुंबई व लंडन या दोन विमानतळांमधील, पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेले कमीत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीचा संपूर्ण घेर सुमारे ४०,००० किलोमीटर धरला, तर हे अंतर त्याच्या सहाव्या हिश्शाहून थोडे अधिक होते.

आता ही जवळची वाट कोठून जाते? भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती इराणच्या आखाताजवळून, बगदादच्या आसपास, तुर्कस्तानवरून युरोपात शिरते. परंतु नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे. गोल वस्तू सपाट कागदावर पसरावयाची म्हणजे ती कोठे तरी ताणावीच लागते. संत्र्याची साल मेजावर दाबून बसवून पाहावी, म्हणजे ही अडचण ध्यानात येईल.

खरी वाट पाहावयाची असल्यास शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरून दोरा ताणावा. तो मुंबईहून वायव्येस निघतो, सौराष्ट्रावरून बलुचिस्तान व इराण ओलांडतो, आणि त्याचा मध्य कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात, आर्मेनिया व जॉर्जिया यांच्या सीमेनजीक पडतो. तेथून काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी असे करीत तो लंडनास पोहोचतो. पट्टीने काढलेल्या रेघेपेक्षा हा मार्ग शेकडो किलोमीटर उत्तरेकडून जातो. नकाशावर वाकडा दिसणारा हाच मार्ग वस्तुतः सर्वांत जवळचा. भूगोलशास्त्रात यास ‘बृहद्वृत्त’ म्हणतात, आणि वैमानिक आपला मार्ग आखताना प्रथम याचाच विचार करतात.

प्रथम विचार करतात एवढेच. दर वेळी त्याच मार्गाने जातात असे नव्हे. जमिनीवरील रस्त्याप्रमाणे आकाशालाही धनी असतो. प्रत्येक देश आपल्या डोक्यावरील आकाशाचा मालक आहे आणि तो वाट देऊ शकतो तशी अडवूही शकतो. आमच्या वाचकांनी वरील दोऱ्याखालील देशांची नावे पुन्हा एकदा वाचावीत. २०१९ साली फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बहुतांशी मिटलेले होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांस बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना पुन्हा वाट नाकारली. त्याच वर्षी १३ जून रोजी इराणवर हल्ले झाले आणि तेथील आकाश बंद झाले. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेले एक विमान सुमारे तीन तास उडून पुन्हा मुंबईसच येऊन उतरले. अशा वेळी विमान अरबी समुद्रावरून, आखाती देशांवरून वळसा घेते. दोऱ्याची लांबी तीच राहते, प्रवासाची मात्र वाढते. दूरच्या मुलखात तोफ धडाडली, तर त्याची झळ आपल्या गावातील वाट पाहणाऱ्या आईसही लागते, ती अशी.

वाऱ्याचे देणे-घेणे

आता वेळ. आजची मोठी प्रवासी विमाने उंचावर गेली की ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतात. ७,२०० भागिले ९००, म्हणजे आठ तास. इतके सोपे असते तर हा लेख येथेच संपला असता.

परंतु जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, जेथून ही विमाने जातात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहत असतात. त्यांस जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. कधीकधी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंतही तो जातो. मांडवीत होडी घालणाऱ्या आपल्या माणसास हे समजावून सांगावयास नको. भरतीबरोबर वर जाताना वल्ह्यास जे सुख असते, ते भरतीविरुद्ध खाली येताना नसते.

समजा, सबंध वाटेवर वाऱ्याचा जोर सरासरी ताशी ६० किलोमीटर पडला. लंडनहून मुंबईस येताना वारा पाठीशी, म्हणून विमानाची चाल ९६० होते व साडेसात तास पुरतात. मुंबईहून लंडनास जाताना वारा तोंडावर, म्हणून चाल ८४० राहते व साडेआठ तासांहून थोडे अधिक लागतात. तेच विमान, तेच अंतर, आणि तासाभराचा फरक! यात वर चढण्याचा व खाली उतरण्याचा मंद वेग, धावपट्टीपर्यंतची रांग, लंडनवरील गर्दीमुळे आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या आणि वाटेतील वळसे मिळवावेत. मग सामान्यतः येताना सुमारे नऊ तास व जाताना सुमारे दहा तास, असा हिशेब बसतो. आकाश मिटलेले असल्यास याहून अधिक. तिकिटावरील वेळ ही विमान फलाटावरून हलल्यापासून पलीकडच्या फलाटास लागेपर्यंतची असते, नुसती उडण्याची नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

घड्याळाचे कोडे

तिकीट हातात आले की आणखी एक घोटाळा होतो. हिवाळ्यातील उदाहरण घेऊ. लंडनहून विमान सकाळी ९ वाजता निघते आणि मुंबईस रात्री ११.३० वाजता पोहोचते, असे छापलेले आहे. घरची मंडळी बोटे मोजून म्हणतात, साडेचौदा तास. जातेवेळचे तिकीट पाहावे, तर मुंबईहून सकाळी ७ वाजता निघून लंडनास ११.३० वाजता पोच. म्हणजे अवघे साडेचार तास! यांपैकी खरे काय?

दोन्ही खरे नाही. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी घालते, म्हणून प्रत्येक १५ रेखांशांस एक तासाचा फरक पडतो. लंडनमधील ग्रिनिच हे शून्य रेखांशावर आहे, तर भारताची प्रमाणवेळ ८२॥ रेखांशावरून ठरविली आहे. म्हणून आपले घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. ही सूर्याची नव्हे, माणसांनी आपापसांत ठरविलेली वेळ आहे. मुंबई शहराची स्वतःची निराळी वेळ होती, ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असे. १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ चालू झाली, तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, हे आमच्या वयोवृद्ध वाचकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. इंग्रज लोक तर अजूनही मार्चच्या शेवटच्या रविवारी आपली घड्याळे तासभर पुढे करतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे त्यांच्या उन्हाळ्यात फरक साडेपाचाऐवजी साडेचार तासांचा होतो.

ज्यांस ही आकडेमोड जड वाटेल त्यांच्यासाठी एक युक्ती सांगतो. जाण्याच्या व येण्याच्या, दोन्ही तिकिटांवरील तास मोजून त्यांची बेरीज करावी. वरील उदाहरणात साडेचौदा आणि साडेचार मिळून एकोणीस. एका बाजूस घड्याळाने जे वाढविले ते दुसऱ्या बाजूस त्यानेच कमी केले. म्हणून बेरजेत घड्याळाची लबाडी शिल्लक राहत नाही. एकोणीस तास हा जाण्यायेण्याचा खरा वेळ : येताना नऊ, जाताना दहा.

वाटेत विमान बदलावयाचे असल्यास काय होते तेही पाहू. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर. बेरीज ७,४३० होते. सरळ वाटेपेक्षा अंतर जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरांनी वाढले, म्हणजे विमानाचा पाव तास. तथापि एकदा उतरणे, पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहणे व पुढील विमानाची वाट पाहणे, यांत तीन-चार तास, कधी त्याहून अधिक जातात. अंतराने वाढविले नाही ते थांबण्याने वाढविले. स्वस्त तिकीट घेताना याचा विचार करावा.

तेरा महिन्यांपासून दहा तासांपर्यंत

एके काळी हा हिशेब कोणास करावाच लागत नसे. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बन बंदरातून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. वाटेत मोझांबिक येथील मुक्काम धरून तेरा महिने लागले. आफ्रिकेला वळसा घालून लंडनहून मुंबईस येणारी सागरी वाट सुमारे १०,७०० सागरी मैलांची होती. २० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघाली, ती नुसत्या सुवेझला पोहोचावयास २२ एप्रिल उजाडला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला आणि तीच लंडनची वाट सुमारे ६,३०० सागरी मैलांवर आली. महिन्यांचे आठवडे झाले.

पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, समुद्राच्या तळावरून घातलेली तार मुंबईस येऊन पोहोचली. ही घटना आम्हांस कालव्याइतकीच मोठी वाटते. पूर्वी बातमी व माणूस एकाच जहाजाने येत. आता बातमी त्याच दिवशी पोहोचू लागली आणि माणूस मात्र तीन आठवड्यांनी. दुःखाची वार्ता हाती आहे, पण तेथे जाता येत नाही, ही अवस्था तेव्हापासूनची.

मग विमान आले. ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची ही हवाई टपालसेवा सुरू झाली. त्या प्रवासास सात दिवस लागत, आणि त्यातही युरोपातील एक टप्पा आगगाडीने करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून ती टपालाची थैली आपल्या लहानशा विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईस आणली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनास गेले, आणि स्वतंत्र भारताची विलायतेस जाणारी विमानसेवा सुरू झाली. कालांतराने या मार्गावर जेट विमाने आली, आणि पुढे मोठ्या टाक्यांच्या विमानांमुळे वाटेतील मुक्कामही उरले नाहीत.

या सुधारणेबद्दल आपण परमेश्वराचे आभारच मानले पाहिजेत. परंतु तिने आपल्यावर एक नवे ओझेही टाकले आहे, ते ओळखले पाहिजे. पूर्वी परदेशी गेलेला मुलगा बापाच्या दफनास आला नाही, तर त्यास कोणी दोष देत नसे. येणे अशक्यच होते. आज येणे शक्य झाले, आणि शक्य झाले म्हणून न येणे हा गुन्हा ठरू लागला. विमानाचा वेग वाढला तितकी आपली अपेक्षा वाढली. रस्ता, रजा, तिकीट व कागदपत्रे यांचा वेग मात्र तितका वाढला नाही. घराघरांतील रुसव्याचे मूळ येथे आहे.

उंबरठा ते उंबरठा

आता चौथे उत्तर. हिवाळ्यातील एका सोमवारी रात्री ११.३० वाजता बेळगावजवळील एका गावी आई वारली, असे समजा. त्या वेळी लंडनात सायंकाळचे ६ वाजले आहेत. मुलास फोन जातो. दैवयोगाने दुसऱ्या दिवशी सकाळी ९ च्या सरळ विमानात जागा मिळते. विमानतळावर तीन तास आधी पोहोचावयाचे, म्हणून तो पहाटे साडेचारलाच घर सोडतो. नऊ तासांनी, म्हणजे आपल्या मंगळवारी रात्री ११.३० वाजता, तो मुंबईस उतरतो. पासपोर्टची तपासणी, सामान, गाडी, हे होईतो एक वाजतो. मुंबई ते बेळगाव सुमारे ५०० किलोमीटर. रस्त्याने नऊ-दहा तास. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तो दारात उभा राहतो.

सोमवार रात्री साडेअकरा ते बुधवार सकाळी अकरा : साडेपस्तीस तास. त्यांपैकी हवेत फक्त नऊ. आणि हा हिशेब सर्व काही सुरळीत झाल्यास. जागा दुसऱ्या दिवशीची मिळाली, वाटेत विमान बदलावे लागले, कोठे आकाश मिटले, पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, तर दोन दिवस सहज लागतात. म्हणून “नऊ तासांत येशील ना?” असे विचारून दुपारच्या दफनाची वेळ जाहीर करणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

यावरून आम्ही आमच्या कुटुंबांस काही गोष्टी सुचवू इच्छितो. फोनवर “केव्हा पोहोचशील?” असे विचारू नये, “आपल्या घड्याळाप्रमाणे, कोणत्या वारी, किती वाजता घरी पोहोचशील?” असे विचारावे. विमान मुंबईस किंवा गोव्यास उतरण्याची वेळ म्हणजे घरी येण्याची वेळ नव्हे. दफनाची वेळ शक्यतो मुलगा विमानात बसल्याची खात्री झाल्यावरच पक्की करावी, आणि तीही निम्मा दिवस हाताशी ठेवून. जवळच्या कोणत्या रुग्णालयात शवागाराची सोय आहे, याची चौकशी धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांनी आधीच करून ठेवावी. ऐन वेळी रडत्या घरास ती करावयास लावू नये.

परदेशी असलेल्यांसही एक सांगणे आहे. आपल्या पासपोर्टची मुदत पाहून ठेवा. गोव्यातील ज्या अनेकांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, किंवा ज्यांनी इंग्लंडचे नागरिकत्व स्वीकारले आहे, त्यांस भारतात यावयास व्हिसा अथवा ओसीआय कार्ड लागते. ते नसेल, तर ७,२०० किलोमीटरांपेक्षा तो एक कागद अधिक दूरचा ठरतो. आई-बाप थकलेले असताना ही व्यवस्था पुढे ढकलू नये. आणि ते जिवंत असतानाच एकदा सवडीने येऊन जावे. त्या भेटीस कोणत्याही विमानाची घाई करावी लागत नाही.

मुलगा आल्यावर त्याच्याशी कसे वागावे, हेही सांगितले पाहिजे. शरीरातील घड्याळ विमानाबरोबर पुढे सरकत नाही. नव्या वेळेस रुळावयास त्यास साधारणतः दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे येताना तो त्रास अधिक होतो. म्हणून शोकाच्या घरी तो भरदुपारी पेंगला, किंवा मध्यरात्री ओसरीवर जागा बसलेला दिसला, तर “याला आईचे काहीच नाही,” असे शेजाऱ्यांनी कुजबुजू नये. त्याच्या शरीराचा गाव अजून लंडनच आहे.

आणि शेवटी, ज्याला येताच आले नाही, त्याच्याविषयी. कोणास रजा मिळत नाही, कोणाजवळ पैसा नसतो, कोणाचे कागद अडकलेले असतात. त्याची वाट पाहून पाहून दफन लांबवू नये, आणि आला नाही म्हणून त्यास टाकूनही बोलू नये. महिन्याची मिस्सा त्याच्या सोयीने ठेवता येते. मृताच्या आत्म्यासाठी करावयाच्या प्रार्थनेस तो तेथूनही त्याच घटकेस गुडघे टेकू शकतो. तसा निरोप त्यास आठवणीने धाडावा. वेळ सांगताना त्याच्या घड्याळाची सांगावी, म्हणजे चुकणार नाही.

आमच्या वाचकांनी आज रात्रीच एक कागद घ्यावा. त्यावर परदेशी असलेल्या मुलाचे गाव, तेथील व आपल्या घड्याळातील फरक, आणि त्याच्या दारापासून आपल्या दारापर्यंत लागणारे खरे तास, हे त्याला विचारून लिहून काढावे व तो कागद घरच्या प्रार्थनापुस्तकात ठेवावा. परमेश्वर करो आणि त्याची गरज उशिरा पडो. परंतु पडेल तेव्हा घरातील कोणी कोणास “नऊ तासांचाच तर प्रवास होता” असे म्हणणार नाही.